क्लास टू कॉम्प्रेशन स्टॉकिंग, गुडघ्याखालचे: शिरा जात नाहीत, संध्याकाळ मात्र सुधारते

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच, पण आधी त्या एक स्टारवाल्यांबद्दल बोलू द्या, कारण घ्यायच्या आधी मी ऑनलाईन जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात सगळ्यात जास्त रडगाणं हेच होतं की महिनाभर हे दाबाचे मोजे घातले तरी पायावरच्या फुगलेल्या शिरा (व्हेरिकोज व्हेन्स) तशाच दिसतात, पैसे पाण्यात. अहो दिसणारच ना. मोज्यानं शिरा जातात असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं तुम्हाला? मोजा पायात आहे तोवर काम करतो, काढला की काम बंद, एवढाच त्याचा करार आहे. ह्या हिशोबानं बघितलं तर वस्तू चांगली आहे, आणि त्या हिशोबानं बघायचं नसेल तर घेऊच नका, उगाच दोन-अडीच हजार घालवून परत इथं येऊन शिव्या घालाल.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. चेकिंग म्हणजे टेबलापुढं उभं राहायचं, टॉवेल उलगडायचा, लूप तुटलाय का, डाग आहे का, काठ वाकडा शिवलाय का बघायचं, पुढचा घ्यायचा. चालणं नाही, बसणं नाही, नुसतं एका जागी उभं. पॉवरलूमवरचे लोक निदान दोन-चार मागांमध्ये येरझाऱ्या तरी घालतात, आम्ही खुंट्यासारखे. माझ्या डाव्या पोटरीवर आधी निळसर रेघ होती, मग ती वेडीवाकडी झाली, मग फुगली, आणि संध्याकाळी पाय असा जड व्हायचा की रिक्षात चढताना हातानं उचलून ठेवावा वाटायचा. रात्री पोटरीत गोळे. घोट्यावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठलेला. आईला हेच आहे, आजीलाही होतं, तिच्या तर घोट्याच्या वर आतल्या बाजूला जखम होती जी भरायची आणि परत उघडायची आणि घरातले सगळे म्हणायचे म्हातारीला कुणाची तरी नजर लागलीय. नजर कसली, झडपा.

आता हे झडपांचं प्रकरण नीट सांगते, कारण ते कळल्याशिवाय मोजा कशासाठी घालायचा हेच कळत नाही. हृदय रक्त खाली ढकलतं ते धमन्यांतून, तिथं जोर असतो. परत यायचा रस्ता म्हणजे शिरा, आणि केशवाहिन्यांतून पार होईपर्यंत तो जोर जवळजवळ संपलेला असतो. घोट्यापासून हृदयापर्यंत चार फुटांच्या आसपास चढ, आणि तोही उभा. मग रक्त वर जातं कसं? तर पोटरीचे स्नायू ढकलतात. आपण पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर उडतं. पोटरी सैल पडली की ते परत खाली यायला बघतं, तेव्हा शिरेच्या आत दोन पाकळ्यांची झडप असते ती मिटते आणि अडवते. स्लॅब टाकायच्या दिवशी बायका-बाप्ये शिडीवर उभे राहून घमेलं हातोहात वर देतात ना, अगदी तसं, एका टप्प्यावरनं दुसऱ्या टप्प्यावर. आणि मधल्या एकाचा हात सुटला की काय होतं? घमेलं खालच्याच्या अंगावर. त्याच्यावर दुप्पट भार, मग त्याचाही हात सुटतो. शिरांत हेच होतं, एक झडप गळायला लागली की तिच्या खालचा भाग ताणतो, तो रुंद झाला की तिथल्या पाकळ्या एकमेकींना पोचत नाहीत, मग तीही गळते, आणि असं करत करत घोट्यापर्यंत. झडप आधी बिघडते की शिरेची भिंत आधी ढिली पडते ह्यावर डॉक्टर लोकांचंच अजून पूर्ण एकमत नाही. आपल्याला काय, परिणाम एकच.

एक गोष्ट मला लई पटली. स्थिर उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत दाब असतो 80 ते 90, पाऱ्याचे मिलिमीटर, बीपी मोजतात तेच माप. चालायला लागलं आणि झडपा धड असतील तर तोच दाब 30 च्या आत येतो. म्हणजे नुसतं चालल्यानं एवढा फरक! आणि झडपा गळक्या असतील तर चालूनही तो हवा तेवढा उतरत नाही, कारण वर ढकललेलं परत खाली येतंय. एका जागी उभं राहणं वाईट का, ते इथं कळलं. पोटरीचा पंप बंद, आणि वरचं सगळं वजन घोट्यावर.

शिरा तीन तऱ्हेच्या. खोल, म्हणजे स्नायूंच्या आत, पायातलं साधारण 90 टक्के रक्त त्याच वर नेतात. वरच्या, म्हणजे कातडीखालच्या, ज्या फुगलेल्या आपल्याला दिसतात. आणि दोन्हींना जोडणाऱ्या. वरच्यांतली सगळ्यात लांब शीर आतल्या घोट्यापासून निघून नडगीच्या आणि मांडीच्या आतल्या बाजूनं थेट जांघेत जाते आणि तिथं खोल शिरेला मिळते. जांघेतल्या त्या जोडावरची झडप गेली की वरनं पूरच. माझं तेच निघालं. डॉप्लर, म्हणजे रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, उभं राहून करतात बरं का, झोपवून नुसतं बघून "नॉर्मल आहे" म्हणाले तर विचारा. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी पोटरी दाबली आणि सोडली, स्क्रीनवर रंग बदलला आणि बदललेलाच राहिला. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उलटं वाहिलं तर शीर गळकी धरतात, माझं तर बघता बघता मलाच कंटाळा आला.

आणि का होतं ह्याची उत्तरं आपल्याकडं भलतीच असतात. पायावर पाय टाकून बसतेस म्हणून, आंबट खातेस म्हणून, बाळंतपणात कान बांधले नाहीत म्हणून. त्यातलं बाळंतपण तेवढं खरं, पण कानामुळं नाही. गरोदरपणी अंगातलं रक्त वाढतं, हार्मोनमुळं शिरांच्या भिंती सैल पडतात, आणि पोट वाढलं की ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर दाब येतो. प्रत्येक बाळंतपणाला थोडी भर. बाकी घराण्यातनं येतं, वयानं येतं, वजनानं येतं, उभ्या कामानं वाढतं. पायावर पाय टाकण्याचा धड पुरावा नाही, त्यामुळं सासूबाईंना दाखवायला हा रिव्ह्यू सेव्ह करून ठेवा.

आता मोजा. सर्जन म्हणाले, "ताई, शेवटी लेझरनं शीर बंद करावी लागेल, पण घाई नाही, तोवर कामावर क्लास टू घाला." चिठ्ठीवर क्लास टू, बिलो नी, एवढंच. पहिल्या दुकानात मालकानं विचारलं चप्पल किती नंबर. दुसरीकडं विचारलं वजन किती. चपलेच्या नंबरावर पोटरीचा दाब ठरतो होय? मी निघून आले. तिसऱ्या दुकानातल्या मुलीनं मात्र टेप काढला, घोट्याच्या वर जिथं पाय सगळ्यात बारीक तिथं माप, पोटरीचा सगळ्यात जाड भाग, आणि जमिनीपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची. वर म्हणाली, "अक्का, आता संध्याकाळ झालीय, सूज असंल, उद्या सकाळी या." हे ऐकून मी दुकान तिथंच ठरवलं. सकाळी मापलं तर घोट्यात खरंच फरक निघाला आणि त्या फरकानं माझी साईज एक नंबर खाली आली. सैल मोजा म्हणजे नुसता महाग मोजा, आणि घट्ट असला तर गुडघ्याखाली आवळून उलट रक्त अडवतो.

क्लास टू म्हणजे काय हे डब्यावर लिहिलेलं असतं, जर्मन मापानं घोट्याला 23 ते 32, तेच पाऱ्याचे मिलिमीटर. दुसऱ्या मापाचे डबेही येतात, त्यामुळं नुसता "क्लास" बघू नका, आकडा बघा. खुबी अशी की दाब सगळीकडं सारखा नसतो, घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर जाईल तसा कमी. म्हणून साध्या इलॅस्टिकच्या नळीला, जी तीन-चारशेला मिळते आणि वर काही आकडाच लिहिलेला नसतो, तिला मी ह्यात धरत नाही. बाहेरनं असा दाब आला की कातडीखालच्या फुगलेल्या शिरा अरुंद होतात, रक्त तिथं साचायच्या ऐवजी खोल शिरांकडं वळतं, शीर अरुंद झाली की पाकळ्याही थोड्या जवळ येतात, आणि पोटरी आवळते तेव्हा तिला बाहेरनं टेकू मिळतो. झडप दुरुस्त होत नाही. परत सांगते, होत नाही.

कापडाचं तर मी बोलणारच, सोलापूरची आहे आणि पोट कापडावर आहे. आमचा टॉवेल ताण्या-बाण्याचा, हा विणमाल, सुयांवर गोल विणलेला. उलटा करून खिडकीपाशी धरून बघितला तर विणीच्या ओळींमधनं आडवा एक धागा घातलेला दिसतो, खरा दाब तोच देतो. लायक्राच्या गाभ्यावर नायलॉन गुंडाळलेला धागा. हा सगळीकडं सारख्या ताणात पडलाय का ते हात आत घालून ताणून बघायचं, जिथं पट्टा पडलेला दिसतो तिथं पायालाही पट्टाच पडणार. माझ्या जोडीत वीण एकसारखी निघाली, टाचेची पिशवी नीट बसलेली, वरचा काठ दुमडून दोन बोटं रुंद. एका मोज्यात आत गाठ सापडली, ती आमच्याकडं असती तर सेकंडमध्ये टाकली असती, पण पायाला टोचत नाही म्हणून सोडून दिलं. लूप नाहीत, पाणी पीत नाही, घाम बाहेर टाकतो म्हणून डब्यावर लिहिलंय तेवढा टाकत नाही.

घालणं हीच खरी परीक्षा. सकाळी अंथरुणातच, पाय खाली सोडायच्या आधी, कारण एकदा उभं राहिलं की पायाला सूज यायला लागते. टाचेपर्यंत उलटा करायचा, पंजा आत, टाच टाचेत, मग तळहातानं थोडा थोडा वर सारायचा, वरचा काठ धरून ओढायचा नाही, नखानं तर नाहीच. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड येते, ही युक्ती दुकानातल्या मुलीचीच. माझे पुढं उघडे आहेत, त्यामुळं बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून त्यावरनं मोजा सरकवला आणि नंतर पिशवी पुढनं ओढून काढली की निम्मं भांडण मिटतं. पण जोडवी! हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. पुढनं उघडा मोजा आणि पायात जोडवी, म्हणजे रोज सकाळी धागा अडकणार. पैंजण तर काढावेच लागतात, मोज्याखाली राहिले तर संध्याकाळी साखळीचा ठसा कातडीत उमटतो. कंपन्यांनी आपल्या बायकांचे पाय एकदा नीट बघावेत. आणि रंग! एकच रंग, तो बिस्किटी, आणि त्याला डब्यावर म्हणतात "स्किन". कुणाची स्किन? साडीखालनं दिसला की सगळे विचारतात पायाला काय झालं, प्लास्टर आहे का. अर्धा स्टार ह्या रंगाचा कापला.

उरलेला अर्धा उन्हाळ्याचा. सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे पारा 42-43, त्यात कारखान्याचा पत्रा, आणि त्यात पायात हे. गंमत बघा, उष्णतेनं कातडीखालच्या शिरा आणखी फुगतात, म्हणजे गरज उन्हाळ्यातच जास्त, आणि सहन होत नाही तेही उन्हाळ्यातच. गुडघ्याच्या मागं घामोळं आलं मला. त्यावर उपाय म्हणून मी दुपारच्या सुट्टीत काढायचे, पाय भिंतीला वर लावून पडायचं आणि परत घालायचे, पण सुजेवर परत चढवणं म्हणजे शिक्षा. ज्यांना क्लास टू झेपतच नाही त्यांनी डॉक्टरला विचारून क्लास वन घ्यावा, पेटीत पडलेल्या क्लास टू पेक्षा पायातला क्लास वन बरा.

बाकी फायदा खरा आहे. संध्याकाळी घरी आल्यावर मोजा काढला की घोटा दिसतो, आधी तो दिसायचाच नाही. रात्रीचे गोळे कमी झाले, अगदी गेले नाहीत. खाज कमी. शिरा? जशाच्या तशा, काढल्यावर दहा मिनिटांत हजर.

धुणं: हातानं, साध्या साबणानं, कोमट किंवा गार पाण्यात, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं (टॉवेल कुठला वापरायचा ते सांगायला नको) आणि सावलीत. गच्चीवर सोलापूरच्या उन्हात टाकले की लायक्रा मेला समजा. ब्लीच आणि कम्फर्ट-बिम्फर्ट अजिबात नको. रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांनी दाब उतरतो, दिसायला नवे दिसले तरी, म्हणून दोन जोड आलटून पालटून ठेवावेत, आणि खर्च धरताना वर्षाचा धरा.

एक महत्त्वाचं, हे वाचल्याशिवाय विकत घेऊ नका. आईसाठी पण घ्यावेत म्हणून तिला घेऊन गेले, तिनं उभी हयात विड्या वळल्या, बैठं काम, पोटरी हललीच नाही कधी. डॉक्टरांनी मोज्याचं नाव काढायच्या आधी तिच्या पावलावरची नाडी बघितली, मग दंडाचा आणि घोट्याचा बीपी घेऊन घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागाकार केला. का, तर तिला शुगर आहे. धमनीच अरुंद असेल तर पायाला मुळात रक्त कमी पोचतंय, त्यावर बाहेरनं आवळलं तर बोटं काळी पडायची. तो भागाकार 0.5 च्या खाली आला तर हे मोजे अजिबात नाहीत, 0.8 च्या खाली आला तरी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाहीत, आणि शुगरवाल्यांत धमन्या कडक झालेल्या असतात म्हणून आकडा खोटा चांगलाही येऊ शकतो, त्यामुळं नुसत्या आकड्यावर जायचं नाही. तंबाखू-सिगारेटवाल्यांनाही हेच. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखतोय, गरम लागतोय तर मोजा शोधत बसू नका, खोल शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना. फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर घाबरून उभं राहायचं नाही, आडवं पडायचं, पाय वर, जागेवर घट्ट दाबून धरायचं.

घोट्यापाशी कातडी तपकिरी व्हायला लागली असेल तर तो मळ नव्हे, घासू नका. दाबामुळं केशवाहिन्यांतनं लाल पेशी बाहेर झिरपतात, त्यातलं लोह कातडीत साठतं. त्याच्या पुढची पायरी कडक कातडी, त्याच्या पुढची आजीची जखम. तिथपर्यंत पोचलेल्यांनी रिव्ह्यू वाचत बसू नये, सर्जनकडं जावं.

आणि लेझरबद्दल कामावरच्या बायका मला रोज विचारतात की शीर बंद केली तर रक्त जाणार कुठनं. खोल शिरांतनं, जिथनं 90 टक्के आधीच जातंय. गळकी शीर तर वर न्यायच्या ऐवजी खाली सांडत होती, ती बंद केल्यानं सोयच होते. हीच लांब शीर हृदयाच्या बायपासला पायातनं काढून छातीत लावतात, ती माणसं चालतातच की नंतर. ब्रिटनच्या नाईस नावाच्या सरकारी संस्थेनं तर 2013 लाच सांगून ठेवलंय की त्रास असेल तर आधी शीर आतनं तापवून बंद करणारा लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीसारखा उपाय बघा, ते जमण्यासारखं नसेल तर फोमचं इंजेक्शन, मग ऑपरेशन, आणि मोजे तेव्हाच जेव्हा ह्यातलं काहीच करता येत नाही. म्हणजे मोजा ही आजाराची ट्रीटमेंट म्हणून पहिल्या नंबरावर नाहीच, आणि मी पण तो तसा घेतलेला नाही. लेझरचे पैसे जमेपर्यंत आणि दिवाळीच्या ऑर्डरींचा सीझन निघेपर्यंत उभं तर राहायचंय. दुकानातली एक म्हातारी गिऱ्हाईक सांगत होती की लेझर झाल्यावरही काही दिवस घालायला लावले होते, म्हणजे तेव्हाही कामाला येतील.

घ्यायचा तर क्रम असा ठेवा की आधी डॉप्लर, मग नाडी, मग सकाळचं माप, मग पैसे. माप न घेता देणाऱ्याकडनं घेऊ नका, डब्यावर आकडा नसेल तर घेऊ नका, ऑनलाईन घेतलात तर परत करता येतं का बघा कारण एकदा घातलेला मोजा कुणी परत घेत नाही. दुसरा जोड मी त्याच दुकानात सांगून ठेवलाय, काळा मागितलाय, मुलगी म्हणाली पुण्याहनं मागवावा लागेल, आला तर रंगाचा अर्धा स्टार परत जोडीन.